तिसरी घागर

काल सकाळी पिंप्राळ्यात आमच्या कॉलनीच्या तोंडाशी कुंभाराची हातगाडी आली. गवताच्या पेंढ्यांमध्ये लाल घागरी नीट मांडून ठेवलेल्या. बायका भोवती जमल्या होत्या. बोटाच्या पेराने टकटक वाजवून कोणती खणखणते, कोणती भदभद करते ते बघत होत्या. मीही गेले. दोन-तीन वाजवल्या. "ताई, किती देऊ?" कुंभाराने विचारलं. मी सहज म्हणाले, "तीन."

म्हणाले आणि हातातली घागर तशीच धरून उभी राहिले. तोंडातून गेलेला आकडा मलाच ऐकू आला. यंदा गावी न्यायला तीनच लागणार होत्या, त्यात चुकीचं काहीच नव्हतं. एक सगळ्या पितरांची, एक यशवंतकाकांची आणि एक आबांची. पौषात आबा, माझे वडील, गेले. त्यांच्या नावाची ही पहिली आखाजी. हिशेब सरळ होता. शेजारच्या पाटीलबाई म्हणाल्या, "काय हो, फुटकी निघाली का?" मी म्हटलं, नाही, चांगली आहे. घागर चांगलीच होती. मीच बारा-तेरा वर्षांमागच्या एका उन्हाळ्यात जाऊन पोचले होते.

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. बाकीच्या महाराष्ट्रात त्या दिवशी आंबे आणि सोनं. आमच्या खानदेशात त्या दिवशी लेकी माहेरी येतात, लिंबाला झोके बांधतात, वर्षाच्या बोलीने ठेवलेल्या सालदारांचं साल संपतं आणि पितर पाणी प्यायला येतात. हे शेवटचं मी लहानपणी अगदी खरं धरून चालले होते. पितरांना तहान लागणारच, एवढ्या उन्हातून यायचं म्हणजे. गंमत नाही, आमच्या शिरपूरकडचं चैत्र-वैशाखाचं ऊन मेलेल्यालाही जाणवावं असंच असतं. दुपारी अंगणातल्या दगडावर पाय ठेवायची सोय नाही. केळीची पानं कडेने करपतात, वारा सुटला की त्यांच्या चिंध्या होतात. तापी आटून डोहाडोहांत तुटते आणि मधल्या वाळूत डांगराच्या वाड्या लागतात. डांगर म्हणजे खरबूज. घागरीच्या तोंडावर ठेवायला तेच लागतं.

त्याच तापीच्या डोहात माझा भाऊ पहिल्यांदा होडी चालवायला शिकला. होडी म्हणजे काय, घड उतरवल्यावर शेतात तोडून टाकलेले केळीचे खांब. चार खांब दोरीने बांधायचे आणि वर बसून बांबूने ढकलत पलीकडच्या काठाला जायचं. सगळीच पोरं हे करायची. बाकीची पोरं तराफ्यावर बसून आरडाओरडा करायची, पाण्यात उड्या मारायची. भाऊ मात्र गप्प बसून ढकलत राहायचा. पलीकडे पोचला की लगेच परत. पुन्हा पलीकडे. माय काठावर धुणं आपटत ओरडायची, "दिलीप, येडा व्हयना का रे तू?" तो ऐकायचाच नाही. मी त्याच्याहून सहा वर्षांनी लहान. मला तो तराफ्यावर बसवायचा आणि दम द्यायचा, हललीस तर पाण्यात टाकीन. त्या काळात मी हलले नाही, हे मात्र माझं मलाच नवल वाटतं, कारण एरवी माझ्या अंगात भिंगरी होती.

भाऊ हुशार निघाला. धुळ्याला कॉलेजात शिकला आणि मग पुण्याला इंजिनिअरिंगला गेला. आमच्या भावकीतला पहिला. आबा जेमतेम चौथी शिकलेले, पण शेतात मोटर बसवायला आलेल्या माणसाला सांगायचे, "मना आंडोर इंजिनेर व्हई ऱ्हायना," आणि तो माणूस काम थांबवून कौतुकाने बघायचा. हे ऐकवायला आबा त्याला मुद्दाम चहा पाजायचे. पुण्याच्या त्या कॉलेजात नदीकाठी होड्यांचा क्लब होता. केळीच्या खांबावरचा आमचा भाऊ तिथे गेला आणि दोन वर्षांत राज्यात पहिला आला. मग देशाच्या स्पर्धेत. वर्तमानपत्रात त्याचा फोटो आला, बोटाएवढा, त्यातही तोंड दिसत नव्हतं. मायने तो कापून देव्हाऱ्यात ठेवला.

एकदा आम्ही बघायला गेलो होतो. आबा, मी आणि शिदोरीचा डबा. पहाटेच्या एसटीने निघून दिवसभर धक्के खात पुण्याला पोचलो आणि दुसऱ्या सकाळी नदीकाठी उभे राहिलो. भाऊची होडी बघून आबा चक्रावले. हातभर रुंदीची, लांबच लांब, नुसती फळी. त्यात भाऊ बसला, दोन्ही हातांत दोन लांब वल्ही. शिट्टी वाजली आणि होडी सुटली. आबांनी माझा दंड घट्ट धरला.

"हाऊ पाठ करीसन कसाले जाई ऱ्हायना?"

"आबा, यामां अशेच बसतस."

"म्हणजे जठे जानं शे, ते याले दिसतच नही?"

मी म्हटलं, नाही दिसत. जन्मभर बैलांच्या मागे, समोर बघत चाललेला माणूस. पुढचं न बघता एवढ्या जोरात कोणी जाऊ शकतो हेच त्यांना पटेना. मला मात्र त्यात मजा वाटली होती, कारण भाऊ लांब लांब जात होता तरी त्याचं तोंड आमच्याकडेच होतं. तो पहिला आला. काठावर आल्यावर आबांनी त्याचे हात हातात घेतले आणि तळवे उलटे करून पाहिले. फोड, घट्टे, फुटलेली कातडी. आबांचा चेहरा उजळला. "हाई तं शेतकरीना हात शे," म्हणाले. परतीच्या एसटीत ते वाक्य त्यांनी मला चार वेळा ऐकवलं.

ज्या उन्हाळ्याबद्दल मी बोलतेय तो त्यानंतरचा. माझी दहावी होती. पहिल्या पेपरच्या आदल्या दिवशी भाऊचं इनलँड पत्र आलं. पोस्टमनने ते ओट्यावर आबांच्या हातात दिलं. मी आत भूमिती घोकत होते. बराच वेळ बाहेरून काही आवाज आला नाही म्हणून डोकावले. आबा पत्र वाचून झालेले, तरी हातात धरून बसले होते. मी मागून वाचलं. भाऊने लिहिलं होतं की त्याने शेवटच्या वर्षाला कॉलेज सोडलं आहे. सैन्यात खेळाडू म्हणून भरती झाला आहे. देशातल्या चांगल्या होड्या आणि चांगले शिकवणारे सगळे सैन्यात आहेत, पुढे जायचं तर तिथूनच जाता येईल. रागावू नका.

भाऊने कॉलेज सोडलं. भाऊ, जो आम्हाला सुट्टीत गणितं शिकवायचा. तो, आणि कॉलेज सोडलं. मी ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचत राहिले, जणू तिसऱ्यांदा वाचल्यावर त्यात वेगळं काही लिहिलेलं असेल. आबांनी पत्राची घडी घातली आणि खुंटीवरच्या कोटाच्या खिशात ठेवली. मला म्हणाले, "उद्या तुना पेपर शे ना? जेवी ले." त्यानंतर दोन महिने आबांनी भाऊचं नाव घेतलं नाही. त्याची आणखी तीन पत्रं आली. आबांनी ती वाचली, त्याच खिशात ठेवली आणि एकाचंही उत्तर दिलं नाही. मी लिहिते म्हटलं तर नुसतं माझ्याकडे बघितलं. मी पेन खाली ठेवलं.

आता यशवंतकाकांचं सांगायला हवं. आबांचे धाकटे भाऊ. मी त्यांना पाहिलेलं नाही. घरात एकच फोटो, टोपी कलती, मिशी नुकती फुटलेली. ते सैन्यात होते आणि पासष्टच्या लढाईत बेपत्ता झाले. तारेत तेवढंच होतं, बेपत्ता. मेल्याचं कोणी सांगेना, जिवंत असल्याचं कोणी सांगेना. आबा तेव्हा तिशीतले असतील. ते नरडाण्याच्या स्टेशनवर जाऊन बसायचे. गाडीतून खाकी कपड्यांतला कोणी उतरला की जवळ जाऊन विचारायचे, फोटो दाखवायचे. सहा वर्षं. मग एका आखाजीला आबांनीच काकांच्या नावाची घागर भरली. आजी त्यानंतर वर्षभर आबांशी बोलली नाही म्हणतात. घागर भरली म्हणजे माणूस गेला. आमच्याकडे याहून मोठा दाखला नसतो. एकदा पाण्याला नाव दिलं की त्या नावाची वाट बघायची नाही.

हे सगळं मला माहीत होतं. सगळ्या गावाला माहीत होतं. तरीही त्या सकाळी काय होणार आहे हे माझ्या डोक्यात आलं नाही.

आखाजीच्या सकाळी आमच्या घरी आधी उंबरठा धुतात. मग घरातला कर्ता पुरुष अनामिका ओल्या कुंकवात बुडवतो आणि एकेका पितराचं नाव घेऊन उंबरठ्यावर एकेक ठसा उमटवतो. कुंकवाची वाटी धरायचं काम घरातल्या मुलीचं. सात-आठ वर्षांची झाले तेव्हापासून ते माझं होतं आणि मला त्याचा तोरा होता. आमचे ठसे पाच. पणजोबा, पणजी, आजोबा, आजी, यशवंतकाका. ती पाच नावं मला पाढ्यासारखी पाठ.

त्या दिवशीही मी वाटी धरून उंबरठ्याशी बसले. परीक्षा संपलेली, नवा परकर, लिंबाच्या झाडाखाली मैत्रिणी झोका बांधत होत्या, अर्धं लक्ष तिकडे. आतून पुरण शिजल्याचा वास येत होता. माय खापरावर, म्हणजे चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या भांड्यावर, मांडे टाकत होती. आबांनी पाच ठसे उमटवले. मी वाटी खाली ठेवायला वाकले. आबा म्हणाले, "थांब."

त्यांनी बोट पुन्हा कुंकवात बुडवलं. पाचव्या ठशाच्या शेजारी टेकवलं. आणि अगदी साध्या आवाजात म्हणाले, "दिलीप."

मला वाटलं आबा चुकले. वाटलं, आता जीभ चावतील, पुसतील. आबांनी पुसलं नाही. ते उठून आत गेले आणि कोपऱ्यातून एक घागर उचलून आणली. ती कालच कुंभाराकडून आलेली होती. मला वाटलं होतं पिण्याच्या पाण्यासाठी आणली असेल. त्यांनी ती पाण्याने भरली, वाळ्याची जुडी आत सोडली, गळ्याला पांढरा दोरा गुंडाळला आणि दोन घागरींच्या ओळीत तिसरी ठेवली. वर डांगर ठेवलं. सगळं अगदी रीतसर, हळुवार. रागाने केलं असतं तर मी समजले असते. रागाने माणूस काहीही करतो. आबांचा चेहरा शांत होता आणि तेच मला झेपलं नाही. माझ्या हातातली वाटी कलंडली आणि कुंकवाचं पाणी नव्या परकरावर सांडलं. मी ओरडले नाही. काय करताय म्हणून विचारलं नाही. सोळा वर्षांची घोडी, एरवी शब्दाला शब्द देणारी, त्या दिवशी वाटी धरून बसून राहिले. माझ्या जिवंत भावाला मेलेल्यांत बसवलं गेलं आणि त्यासाठी लागणारं कुंकू मी धरलं होतं.

माय पिठाच्या हातांनी बाहेर आली. तिने ओळ पाहिली. एक, दोन, तीन. उंबरठा पाहिला. मग आबांकडे पाहिलं. आबा म्हणाले, "यशवंतनी वाट देखी मी सहा वरीस. आते मना आंगमां तेवढं बळ नही."

माय आत गेली. चुलीवरचं खापर तिने फडक्याने धरून उतरवलं, जमिनीवर ठेवलं आणि चुलीतली लाकडं ओढून विझवली. खापरावर अर्धा भाजलेला मांडा तसाच चिकटलेला होता. सणाच्या दिवशी, पितर दारात आलेले असताना, आमच्या घरातली चूल विझली. माय भिंतीला टेकून बसली आणि म्हणाली, "ज्यानी घागर भरी, तोच रांधो आते."

आबा ओट्यावर. माय चुलीपाशी. मी दोघांच्या मध्ये, घागरींसमोर. लिंबाखालून पोरींची गाणी ऐकू येत होती आणि मला कान बंद करून घ्यावेसे वाटत होते. ऊन अंगणातून सरकत उंबरठ्यापर्यंत आलं. घागरी नव्या होत्या, पाझरत होत्या. तिसरीच्या बुडाशी ओलं वर्तुळ मोठं होत चाललं होतं, तेवढंच काय ते घरात हलत होतं.

आणि भरदुपारी भाऊ आला.

कोणी बोलावलं नव्हतं. येणार म्हणून लिहिलंही नव्हतं. बाराच्या एसटीतून उतरून, फाट्यापासून चालत, खांद्यावर होल्डॉल टाकून तो सरळ अंगणात येऊन उभा राहिला. केस बारीक कापलेले, मान करपलेली, खांदे आणखी रुंद झालेले. मी त्याच्याकडे बघून दचकले. खरं सांगते, क्षणभर मला तो खरा वाटला नाही. जो सकाळी उंबरठ्यावर गेला होता तो दुपारी दारात उभा होता. आखाजीला पितर पाणी प्यायला येतात, आणि मी तर लहानपणापासून ते खरं धरून चालले होते.

"पाणी दे व, शोभा," तो म्हणाला.

मी हलले नाही. मायही उठली नाही. आबा ओट्यावर उभे राहिले होते, पण त्यांचा पाय पुढे पडेना. भाऊने आमच्या तिघांकडे पाहिलं, होल्डॉल खाली ठेवला, उंबरठा ओलांडून आत आला. घागरींच्या ओळीसमोर वाकला. पहिली सोडली. दुसरी सोडली. तिसरीवरचं डांगर उचलून बाजूला ठेवलं, आख्खी घागर दोन्ही हातांनी वर धरली आणि तोंड लावून प्यायला लागला.

मायने तोंडात पदर कोंबला. भाऊ घटाघट पीत होता, पाणी हनुवटीवरून गळ्यावर, सदऱ्यावर, छातीच्या खिशावर वाहत होतं. गळ्याचा पांढरा दोरा सुटून त्याच्या मनगटावर लोंबत होता. आबा दारापर्यंत आले होते. "ते पानी..." एवढंच म्हणाले.

भाऊ थांबला. "काय व्हयनं?"

आबांच्या तोंडाकडे मला बघवेना. "काही नही," ते म्हणाले. "पे. पोटभर पे."

भाऊ आणखी प्यायला. घागर अर्धी झाली तेव्हा खाली ठेवली, बाहीने तोंड पुसलं. "थंड शे. वाळा टाकेल शे का?" आबा त्या घागरीपाशी गेले. धोतराचं टोक तिच्या पाण्यात भिजवलं, उंबरठ्याशी उकिडवे बसले आणि सहावा ठसा पुसायला लागले. सागाचं लाकूड, ओलं कुंकू, जाणार कसं? ते घासत राहिले. लाल गेलं, गुलाबी डाग राहिला. भाऊ तेव्हा पाठमोरा होता, मायच्या पाया पडत होता. म्हणजे मला तेव्हा तरी तसं वाटलं.

माय उठली, चूल पेटवली, खापर वर चढवलं. भाऊने खिशातून एक घडी केलेला कागद काढला, पाण्याने लिबलिबीत झालेला, आणि चुलीत टाकला. जळायला वेळ लागला त्याला. मी म्हटलं, काय होतं? तो म्हणाला, एसटीचं तिकीट. चार दिवस राहून तो परत गेला. आबा त्याला फाट्यापर्यंत सोडायला गेले आणि त्याचा होल्डॉल त्यांनी स्वतःच्या खांद्यावर घेतला. त्याला यातलं काही सांगायचं नाही असं आमच्या तिघांत कधी ठरलं नाही, कोणी कोणाला शपथ घातली नाही. तरी कोणी सांगितलं नाही.

पुढे भाऊने खूप नाव काढलं. देशाच्या स्पर्धेत पदकं, दोनदा परदेशात. एकदा चौथा आला, अगदी थोडक्यात पदक हुकलं, तर त्याच्यापेक्षा आबांनाच जास्त लागलं. ते आठवडाभर आकाशवाणीवर चिडून होते, जणू चौथा नंबर निवेदकानेच दिला होता. मग भाऊची पाठ गेली. वर्षानुवर्षं त्या अरुंद फळीवर वाकून ताणलेली पाठ, तिने एका सकाळी नाही म्हटलं. होडी सुटली. सैन्यात खेळाडू म्हणून घेतलेल्या पुष्कळ जणांना मग ऑफिसात बसवतात म्हणे. भाऊने मागून घेतलं ते पलटणीबरोबर जाणं. वल्ही धरणारे हात बंदूक धरून बर्फात उभे राहिले. आमच्या कुळात बर्फ फक्त गोळेवाल्याकडे पाहिलेला.

त्या वर्षांत आबांनी काय केलं ते सांगते. दर आखाजीला ते कुंभाराकडून तीन घागरी आणायचे. दोन ओळीत, पितरांच्या. तिसरी बाहेर ओट्यावर, दोऱ्याशिवाय, डांगराशिवाय, नुसतं पाणी भरून. ती वर्षभर तिथेच असायची. कोणीही यावं, प्यावं. पोस्टमन, सालदार, केळीच्या ट्रकचा ड्रायव्हर. मी एकदा विचारलं, आबा, ही कशाला? म्हणाले, "येनाराले तीस लागस." तीस म्हणजे तहान. रोज सकाळी उठून ते आधी ती घागर भरायचे, मग तोंड धुवायचे. वाट बघायचं बळ नाही म्हणणारा माणूस मरेपर्यंत दुसरं काही करत नव्हता.

आज गावी आले. मुलं लिंबाकडे पळाली, माय आता वाकली आहे, तिने मला नुसतं चाचपून पाहिलं. भाऊ सुट्टी घेऊन आला आहे. कर्ता पुरुष आता तोच. उंबरठा धुतला. मी तिशीला टेकलेली, दोन लेकरांची आई, शाळेत पोरांना दम देणारी बाई, वाटी घेऊन त्याच जागी बसले. भाऊने अनामिका बुडवली. पणजोबा. पणजी. आजोबा. आजी. यशवंतकाका. पाचव्या ठशाच्या शेजारी सागाच्या लाकडात तो डाग अजून आहे, फिकट, ओलं झालं की दिसणारा. भाऊचं बोट सहाव्यांदा वाटीकडे आलं आणि माझा बांध फुटला.

"भाऊ, थांब. तुले एक सांगनं शे. त्या वरीसले तू उनता ना, आखाजीले... ती घागर..."

"मले माहीत शे," भाऊ म्हणाला.

मी वाटी मांडीवर टेकवली.

"उंबरठावर पाय ठेवतानाच दिसनं. पाच व्हवाले जोयजे व्हतात. सहा व्हतात. आनि घागरी तीन."

"मंग पानी कसाले पिधं तू?"

"मनाच नावनी घागर व्हती ना. मी नही पेवाव, त कोन पेई?"

तो हसला, पण डोळे डागावर होते. मला वाटलं एवढंच असेल. पण तो बोलत राहिला, माझ्याकडे न बघता. "मी त्या दिनले नोकरी सोडाना अर्ज लिखीसन आना व्हता. घरनी अडचण म्हनीन लिखेल व्हतं, खाले आबानी सही जोयजे व्हती. लई भ्याव वाटे मले तठे. बंदूक हातमां लिधी का यशवंतकाका दिसे. परत कॉलेजले जासू, आबासना पाय धरसू, अशे ठरायी उनू व्हतू. खिसामां व्हता अर्ज."

चुलीतला तो ओला कागद. वेळ लागला होता त्याला जळायला.

"आबानी तं मले सोडी दिधं व्हतं, शोभा. आते परत धरा मले, अशे कोन तोंडे सांगू? राग नही उना. पन त्या दिनपाईन भ्याव गया मना. ज्यानी घागर एकदाव भराई गई, त्याले कसानी भीती?"

आबांना तो परत हवा होता. तो परतच आला होता. दोघांच्या मध्ये एका सकाळचं अंतर. आबा बारा वर्षं ओट्यावर पाणी भरत राहिले आणि त्यांना कधीच कळलं नाही की ज्याची वाट बघतोय तो त्या दुपारी राहायलाच आला होता. मी सकाळी एक शब्द बोलले असते. वाटी मागे ओढली असती. कुंकू सांडून टाकलं असतं तरी चाललं असतं.

"आबानी पुसं ते," मी म्हणाले.

"तेबी देखं. म्हनीन तं जमनं तवढी आखाजीले उनू."

आत माय कोणाशी तरी बोलत होती, खापरावर मांडा पडल्याचा आवाज आला. बाहेर ओट्यावरची घागर भरलेली होती. सकाळी भाऊनेच भरली असणार. त्याने बोट कुंकवात बुडवलं, त्या जुन्या डागावर नेमकं ठेवलं आणि आबांचं नाव घेतलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"वाटी नीट धर व," तो म्हणाला. "सांडी जाई."